निबंध कुणी वाचलाय का?

मेंदूवर काम करणाऱ्या औषधांचा अभ्यास करणारा एखादा संशोधक प्राध्यापकपदासाठी किंवा मोठ्या अनुदानासाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर चार आकडे असतात. शोधनिबंध किती, त्यांना एकूण सायटेशन्स (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स (किमान वीस-वीस सायटेशन्स मिळालेले वीस निबंध असतील तर वीस) किती आणि ज्या जर्नलांमध्ये निबंध छापून आले त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर (तिथल्या निबंधांना सरासरी मिळणारे संदर्भ) किती. समितीसमोर अशा चाळीस-पन्नास फायली असतात आणि हातात जेमतेम एक दिवस. मग पहिलं पान पाहायचं, फायली उतरत्या क्रमाने लावायच्या आणि वरच्या आठ-दहा जणांना मुलाखतीला बोलवायचं. या साऱ्या खटाटोपात त्या माणसाचा एकही निबंध कुणी उघडलेला नसतो, आणि तो उघडायला हवा होता असं कुणाला वाटतही नाही.

हे थांबलं पाहिजे, असं मला वाटतं. सायटेशनचा आकडा एवढंच सांगतो की त्या कामाकडे इतरांचं लक्ष गेलं. काम खरं निघालं का, दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकलं का, हे त्याला सांगता येत नाही. हे अंतर सगळ्याच शास्त्रांत आहे. पण न्यूरोफार्माकॉलॉजीत, म्हणजे मेंदूवरच्या औषधांच्या शास्त्रात, ते शेवटी नैराश्य, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या हातातल्या गोळीपर्यंत पोचतं. त्यामुळे या शाखेत संशोधकाची पारख आकड्यांच्या रांगेवर सोडून देणं मला केवळ अशास्त्रीय नाही, बेजबाबदार वाटतं.

आकडा नेमकं काय मोजतो हे समजून घ्यायला ऑलिव्हर लाउरींसारखं दुसरं उदाहरण नाही. विज्ञानात सर्वाधिक सायटेशन्स मिळालेला निबंध त्यांचा आहे. १९५१ साली त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये द्रावणातलं प्रथिन मोजायची एक पद्धत छापली. आजवर तीन लाखांहून अधिक निबंधांनी तिचा संदर्भ दिला आहे. लाउरी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि त्यांचा खरा ध्यास वेगळाच होता. एकेका चेतापेशीत कोणती रसायनं किती आहेत, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांनी केसाहून बारीक अशा क्वार्ट्झच्या तंतूचा तराजू तयार केला. एका टोकाला घट्ट धरलेला तंतू, दुसऱ्या टोकावर ठेवलेली एकच पेशी, आणि तंतू किती वाकला यावरून तिचं वजन. मेंदूचं रसायनशास्त्र पेशीच्या पातळीवर नेणारं हे काम होतं. तीन लाखांचा आकडा मात्र प्रथिन मोजायच्या पद्धतीला मिळाला. तो काही थोर निबंध नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, असं लाउरींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

त्या आकड्याला मी खोटा म्हणत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांना रोज लागणारी पद्धत देणं ही मोठी सेवा आहे, तिची नोंद व्हायलाच हवी. माझी तक्रार रकान्याबद्दल आहे. हत्यार किती वेळा वापरलं गेलं आणि ज्ञानात किती भर पडली, या दोन निराळ्या गोष्टी एकाच रकान्यात मांडल्या जातात आणि वर त्यांची बेरीजही होते.

औषधशास्त्रात असे हत्यारी निबंध पुष्कळ. एन्झाइमला रोखणाऱ्या रेणूच्या प्रयोगात मिळालेल्या एका आकड्यावरून दुसरा, अधिक मूलभूत आकडा काढायचं समीकरण युंग-ची चेंग आणि विल्यम प्रुसॉफ यांनी १९७३ साली दिलं. रिसेप्टरवर, म्हणजे पेशीतल्या ज्या जागी औषधाचा रेणू बसतो तिथे, दोन रेणूंची स्पर्धा लावणाऱ्या प्रयोगांतही ते वापरलं जाऊ लागलं. तेव्हापासून रिसेप्टर-बंधनाचा प्रयोग करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांचा संदर्भ देतो. हे समीकरण काही अटींवर उभं आहे. स्पर्धा सरळ असावी, बंधन समतोलाला पोचलेलं असावं, वगैरे. आपल्या प्रयोगात त्या अटी पाळल्या गेल्या का, हे न तपासता दिलेला संदर्भही मोजणीत तेवढाच धरला जातो. दुसरं उदाहरण त्याहून साधं. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’ लेखकांना रिसेप्टरांची आणि रेणूंची नावं एका प्रमाणित मार्गदर्शिकेप्रमाणे लिहायला आणि तिचा संदर्भ द्यायला सांगतं. नियम चांगला आहे, नावांचा गोंधळ त्याने टळतो. पण तिथलं सायटेशन म्हणजे पत्रावरचा पिनकोड. पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

यापेक्षा अधिक काळजी करावी असं आणखी एक उदाहरण आहे. नैराश्यावरच्या औषधांच्या संशोधनात १९७७ पासून एक चाचणी रूढ आहे. उंदराला पाण्याने भरलेल्या उभ्या नळकांड्यात सोडतात. तो आधी सुटकेची धडपड करतो, मग थांबून नुसता तरंगत राहतो. रॉजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नैराश्यावरची औषधं दिलेले प्राणी अधिक वेळ धडपडतात. चाचणी स्वस्त, काही मिनिटांत होणारी, खास यंत्रं न लागणारी. त्यामुळे ती झपाट्याने पसरली. प्राण्याचं निश्चल राहणं म्हणजे ‘हताश होणं’ असं मानलं गेलं आणि त्या मानण्यावर हजारो निबंध उभे राहिले.

या मानण्यावर गंभीर आक्षेप आहेत. बाहेर पडायला वाट नाही हे कळल्यावर शक्ती वाचवत तरंगणं हे हताशपण कशावरून, शहाणपण का नाही? शिवाय माणसात ही औषधं काम करायला कित्येक आठवडे घेतात. या चाचणीत एका दिवसात दिलेल्या दोन-तीन मात्रांनीच फरक दिसतो. म्हणजे चाचणी औषधाचा काहीतरी परिणाम पकडते हे खरं. पण तो परिणाम म्हणजेच नैराश्यावरचा उपचार, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरीही आकड्यांच्या हिशेबात ही चाचणी सुपीक जमीन आहे. एखाद्या वनस्पतीचा अर्क घ्या, उंदरांना द्या, पोहायला लावा, निश्चल राहण्याची वेळ कमी झाल्याचं दाखवा. निबंध तयार. पुढचा गट दुसरा अर्क घेतो आणि पहिल्याचा संदर्भ देतो, तिसरा दोघांचा देतो. पाच-सात वर्षांत सगळ्यांचा एच-इंडेक्स चढतो. असा निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी अप्रामाणिक म्हणत नाही. बहुतेक जण त्यांच्यासमोर ठेवलेल्या मोजपट्टीला मान देऊन मेहनतीने काम करतात. पण ती मोजपट्टी ‘हा रेणू पुढे कुठे पोचला?’ हा प्रश्नच विचारत नाही. चाचणीत पास झालेल्या असंख्य पदार्थांपैकी रुग्णापर्यंत पोचलेले फारच थोडे, ही गोष्ट कुणाच्याही फाइलच्या पहिल्या पानावर येत नाही.

याला लहान नमुन्यांचा प्रश्न जोडून पाहा. कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची संख्याशास्त्रीय ताकद तपासली. ती मध्यक धरून सुमारे २१ टक्के निघाली. म्हणजे पाच खरे परिणाम समोर असतील तर त्यातला साधारण एकच असा अभ्यास पकडू शकेल. आणि जो पकडला जाईल तोही प्रत्यक्षाहून मोठा भासेल. सहा-सहा उंदरांचे पाच छोटे अभ्यास करणाऱ्याला पाच निबंध मिळतात. तीस उंदीर घेऊन एकच नीट अभ्यास करणाऱ्याला एक. चार आकड्यांचं पान पहिल्याच्या बाजूने निकाल देतं.

आता माणसांवरच्या चाचण्यांकडे येऊ, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागते. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधी तुलना छापली. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या होत्या. एकूण १२,५६४ रुग्ण. प्रशासनाच्या मते त्यांतल्या ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता. त्या ३८ पैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ नकारात्मक किंवा शंकास्पद होत्या. त्यांपैकी फक्त ३ तशाच छापल्या गेल्या. २२ छापल्याच नाहीत. आणि ११ अशा रीतीने लिहिल्या गेल्या की वाचणाऱ्याला निकाल सकारात्मक वाटावा. परिणामी जर्नलं वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. प्रत्यक्षात हे प्रमाण ५१ टक्के होतं.

औषधं निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या कुणीही हा लेख वाचून गोळ्या थांबवू नयेत. अर्थ एवढाच की छापील नोंद आणि खरी नोंद यांत मोठी तफावत होती, आणि सायटेशनची मोजणी छापील नोंदीवरच चालते. पुढे २०१८ मध्ये याच प्रकारच्या चाचण्यांचा पाठपुरावा करणाऱ्या दुसऱ्या गटाला आढळलं की छापून आलेल्यांतही सकारात्मक चाचण्यांना नकारात्मक चाचण्यांच्या सुमारे तिप्पट सायटेशन्स मिळतात. म्हणजे आधी छपाईची चाळणी, मग संदर्भाची चाळणी. ज्या संशोधकाने ‘हे औषध या रुग्णांत चाललं नाही’ हे प्रामाणिकपणे मांडलं, त्याने कदाचित हजारो लोकांना व्यर्थ उपचारापासून वाचवलं असेल. त्याच्या खात्यात मात्र तिसरा हिस्सा जमा.

संदर्भांतून अधिकार कसा तयार होतो, याचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय जर्नलात स्नायूंच्या एका आजारात बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचा हात आहे, या एकाच दाव्याचा माग काढला. २४२ निबंध आणि त्यांच्यातले ६७५ संदर्भ त्यांनी एकेक करून तपासले. दाव्याला धक्का देणारे प्रयोग उपलब्ध होते, पण संदर्भ जवळजवळ सगळे दाव्याला दुजोरा देणाऱ्या मोजक्या निबंधांकडेच वाहत होते. आढावा-निबंध एकमेकांचे संदर्भ देत गेले आणि एक शक्यता बघता बघता वस्तुस्थिती बनली. त्यासाठी नवा पुरावा लागला नाही.

याच प्रथिनाशी निगडित दुसरी गोष्ट अधिक जड आहे. अल्झायमरमधल्या विस्मरणाचा संबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाशी जोडणारा निबंध २००६ मध्ये ‘नेचर’ने छापला. त्याला दोन हजारांहून अधिक सायटेशन्स मिळाली. २०२२ मध्ये त्यातल्या प्रयोगांच्या छायाचित्र-प्रतिमांत फेरफार असल्याचे संशय जाहीर झाले आणि २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. मधली अठरा वर्षं ते आकडे कुणाच्या ना कुणाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर होते. त्या प्रतिमा दोन हजारजणांपैकी किती जणांनी डोळ्यांखालून घातल्या असतील? अमायलॉइडचं सगळं संशोधन या एका निबंधावर उभं नव्हतं, हेही न्यायाने सांगायला हवं. पण संदर्भांची गर्दी म्हणजे पडताळणी, ही समजूत इथे उघडी पडली.

वेळेचाही प्रश्न आहे. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना चालू वर्षात मिळालेल्या संदर्भांवरून काढतात. तो मुळात जर्नलचा आकडा. एखाद्या निबंधाचा नव्हे, संशोधकाचा तर नव्हेच. पण दोन वर्षांची ती खिडकी मेंदूवरच्या औषधांच्या इतिहासासमोर धरून पाहा.

सर्पगंधेच्या मुळीचा मानसिक आजारावर आणि उच्च रक्तदाबावर उपयोग होतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिलं. १९४९ मध्ये रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि मग पाश्चात्त्य जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं केलं. आणि १९५७ मध्ये अर्विद कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निपचित केलेल्या सशांना एल-डोपा (शरीरात ज्यापासून डोपामिन बनतं तो पदार्थ) टोचलं, तेव्हा ते उठून हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे, या विचाराची सुरुवात इथून झाली. ‘नेचर’मधला तो निबंध जेमतेम पानभराचा आहे. १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत त्या काळच्या दिग्गजांनी कार्लसन यांच्या मांडणीवर विश्वास ठेवला नाही. पण लवकरच पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं व्हिएन्नात दिसलं आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा देऊन रुग्णांत ठळक सुधारणा दाखवली. कार्लसन यांना नोबेल मिळालं २००० साली.

१९३१ ते १९६७ या साखळीतली कोणती कडी दोन वर्षांच्या खिडकीतून दिसली असती? सेन आणि बोस यांचं नाव तर आजही डोपामिनवरच्या निबंधांत शोधूनही क्वचितच सापडेल. काम शास्त्रात इतकं मुरतं की त्याचा संदर्भ देण्याची गरजच उरत नाही. मग मोजणीच्या दृष्टीने ते झालंच नव्हतं असं ठरतं.

अलीकडचंही उदाहरण आहे. भूल देण्यासाठी वापरलं जाणारं केटामाइन नैराश्य काही तासांत हलकं करतं, असं २००० मध्ये रॉबर्ट बर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, तेही अवघ्या सात रुग्णांवर. दुसऱ्या गटाचा तुल्यबळ पडताळा आला २००६ मध्ये आणि त्याच कुळातल्या एस्केटामाइनला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१९ मध्ये. सात रुग्णांवर विसंबून घाई करायची नव्हतीच, सहा वर्षं थांबणं योग्यच झालं. पण त्या सहा वर्षांत या लेखकांपैकी एखाद्या तरुणाची बढती ठरायची असती, तर हा निबंध वाचल्याशिवाय त्याचं मोल कुणाला कळलं असतं?

आणखी एक गोष्ट थोडक्यात. काम कुणी केलं, हेही आकड्याला कळत नाही. अफूच्या रेणूंना मेंदूत बांधून घेणारा रिसेप्टर १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवणाऱ्या निबंधावर दोनच नावं आहेत: कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर. पर्ट तेव्हा विद्यार्थिनी होत्या आणि पहिलं नाव त्यांचं आहे. सायटेशनच्या हिशेबात दोघांना समान श्रेय. १९७८ चा लास्कर पुरस्कार, हा वैद्यकातला मोठा मान, मात्र स्नायडर, जॉन ह्यूज आणि हॅन्स कॉस्टरलिट्झ यांना मिळाला, आणि पर्ट यांनी उघड निषेध नोंदवला. कुणाचा वाटा किती, हा वाद त्या निबंधाच्या सायटेशनांची संख्या सांगून मिटणारा नव्हता. आज एकेका निबंधावर वीस-तीस नावं असतात, तिथे तर विचारायलाच नको.

आता दुसरी बाजू. ती मला खरोखर वजनदार वाटते. आकडे आले ते उगाच नाही. त्याआधी नेमणुका ओळखीवर होत, ज्येष्ठांच्या मर्जीवर होत, कोण कुणाचा विद्यार्थी यावर होत. कुणी पाठीराखा नसलेल्या, आडबाजूच्या संस्थेतून आलेल्या तरुण संशोधिकेला आकड्याचा आधार मिळाला. ‘माझी सायटेशन्स निवडलेल्या उमेदवारापेक्षा जास्त आहेत, मग मला का डावललं?’ असं ती आकड्यांच्या बळावर विचारू शकते. ‘निबंध वाचून ठरवा’ म्हणणं म्हणजे पुन्हा बंद दाराआडच्या मर्जीकडे जाणं, ही तिची भीती मी उडवून लावणार नाही.

पण आकड्यांनी ती मर्जी हटवली का? ती जागा बदलून बसली. मानापोटी विभागप्रमुखाचं नाव प्रत्येक निबंधावर घालणं, परीक्षकाने ‘माझे अमुक निबंध संदर्भात घ्या’ असं सुचवणं, ओळखीच्या गटांनी एकमेकांना सायटेशन्स देत राहणं, हे सगळं आकड्यांच्या राज्यातच फोफावलं. सर्वाधिक सायटेशन्स मिळवणाऱ्या संशोधकांची वार्षिक यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीला २०२३ मध्ये एक हजाराहून अधिक नावं संशयास्पद वर्तनाच्या कारणावरून बाजूला ठेवावी लागली. पाठीराखा नसलेल्या त्या संशोधिकेला या खेळात कुणी घेत नाही. तिला खरी गरज आहे ती निर्णयाची कारणं लेखी मिळण्याची.

सायटेशन इंडेक्स ज्याने उभा केला त्याच्या मनात काय होतं, हे पाहिलं की आपण किती लांब आलो ते समजतं. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ही कल्पना मांडली. त्यांना संशोधकांची क्रमवारी लावायची नव्हती. एखादा निबंध वाचताना त्यावर पुढे कुणी टीका केली, कुणी चूक दाखवली, हे वाचकाला शोधता यावं, चुकीची किंवा कालबाह्य माहिती डोळे मिटून उद्धृत केली जाऊ नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. वाचणाऱ्याला अधिक चांगलं वाचता यावं म्हणून केलेलं ते साधन होतं. आपण ते न वाचण्याची सोय म्हणून वापरतो आहोत. एच-इंडेक्स २००५ मध्ये सुचवणारे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनीही पुढे कबूल केलं की हा निर्देशांक सपशेल फसू शकतो आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

संशोधकाची पारख निव्वळ अशा आकड्यांवर करू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१३ मध्ये आला, त्याच धर्तीचा लायडनचा २०१५ मध्ये. पहिल्यावर हजारो संस्थांनी आणि संशोधकांनी सह्या केल्या. सही करणाऱ्या संस्थेच्या अर्जाच्या नमुन्यातही इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना तसाच असेल, तर त्या सहीला अर्थ नाही. बदल अर्जाच्या त्या पानापासूनच करावा लागेल.

मला सुचतं ते असं. उमेदवाराने सगळी यादी द्यावी, पण पहिल्या पानावर फक्त पाच निबंध असावेत, तरुणांसाठी तीन. प्रत्येकाखाली अर्धं पान: मूळ दावा काय होता, तो कुणी पुन्हा करून पाहिला, कुणाला जमला, कुणाला नाही, आणि आज मला स्वतःला त्याबद्दल काय वाटतं. समितीतल्या दोघांनी ते निबंध आकडे न पाहता वाचावेत आणि आपलं मत सही करून लिहावं, उमेदवाराला दाखवता येईल असं. याला वेळ लागेल. चाळीस फायलींसाठी दोन-तीन आठवडे लागतील. तीस वर्षांच्या नेमणुकीसाठी तीन आठवडे जास्त आहेत असं ज्याला वाटतं, त्याने समितीवर बसू नये.

आणि काही आकडे मला हवे आहेत. माणसांवरच्या ज्या चाचण्या या संशोधकाने नोंदणीपटावर नोंदवल्या, त्यांपैकी किती चाचण्यांचे निकाल, हवे ते आणि नको ते, जाहीर झाले? हा आकडा पहिल्या पानावर असू द्या. प्रयोगाचा कच्चा तपशील किती निबंधांसोबत उघडा ठेवला आहे? हाही असू द्या. नमुना किती मोठा घ्यायचा हे प्रयोगाआधी ठरलं होतं का? हे सगळे आकडेच आहेत, फक्त ते लोकप्रियतेऐवजी शिस्त मोजतात. पंधरा वर्षांत एकाही निबंधाकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसेल तर त्याचं कारण जरूर विचारावं. पण ते विचारायचं निबंध वाचून झाल्यावर.

उमेदवाराने आपल्या फसलेल्या दाव्याबद्दल लिहावं, या अटीवर लोक सर्वांत जास्त बिचकतील. म्हणून त्याबद्दल एक प्रसंग सांगतो. २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये एका गटाने लिहिलं की एक्स्टसी नावाच्या नशेच्या औषधाच्या नेहमीच्या मात्रांनीही माकडांच्या डोपामिन-पेशींचं मोठं नुकसान होतं. खळबळ उडाली, इतर शास्त्रज्ञांनी कडक शंका घेतल्या. त्या गटाला स्वतःलाच पुढे तो परिणाम पुन्हा मिळेना. त्यांनी मागे जाऊन औषधाच्या बाटल्यांचा माग काढला. लेबलांची अदलाबदल झाली होती. जवळजवळ सगळ्या प्राण्यांना एक्स्टसी नव्हे, मेथॲम्फेटामाइन दिलं गेलं होतं. २००३ मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला आणि काय घडलं ते त्याच जर्नलमध्ये छापलं.

मूळ निबंधातली घाई, तपासणीतली ढिलाई, यावर त्या गटाला धारेवर धरायला हवं होतं आणि तसं धरलंही गेलं. पण स्वतःच्या गाजलेल्या निकालाच्या बाटल्या पुन्हा उघडून पाहणं आणि आपली चूक सगळ्यांसमोर छापणं, हेही त्यांनीच केलं. आजच्या तक्त्यात ही सगळी हकिकत ‘मागे घेतलेले निबंध: १’ एवढीच उरते. ज्याने कधी बाटली तपासलीच नाही, त्याच्या रकान्यात शून्य असतं, आणि समिती ते शून्य समाधानाने वाचून पुढच्या फाइलकडे वळते.